दोघांकडून येतं, दादा

दादा, परवा सकाळी सापाचं पहिलं अंडं चिरलं. मनू शाळेला निघाली होती, तिनेच पाहिलं. कवचाला बारीक फट पडली होती आणि तिच्यातून नुसतं नाक बाहेर आलं होतं. ते तसंच कितीतरी वेळ थांबून राहिलं. तुम्ही म्हणायचात ना, "दार उघरून बसलाय, भायेर कोन हाय बगतोय." कालपर्यंत अकरा पिल्लं बाहेर आली. तेरातली दोन अंडी बुरशी धरून खराब झाली होती, ती तुम्हीच तुमच्या हाताने बाजूला केली होतीत.

तुमच्या वहीत लिहिलेलं शेवटचं पान त्या अंड्यांचंच आहे. पेन्सिलीने, मोठ्या अक्षरात: साधी सात, बिनकाळी तीन, राखी दोन, पांढरा एक. 'पांढरा एक'खाली दोन रेघा मारल्यात.

आलेली अशी: सहा साधी, तीन बिनकाळी, दोन राखी. पांढरा आला नाही. मनूने तीनदा डबा तपासला. तिला लांबचं नीट दिसत नाही, म्हणून एकेक पिल्लू ओंजळीत धरून, पार नाकाशी नेऊन. शेवटी म्हणाली, "आजाचं गणित चुकलं." मी म्हणाले, "गणित नाही चुकलं. आला नाही, एवढंच."

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. सुनेने सासऱ्याला असं काही लिहावं ही आपल्याकडची रीत नाही. पण तुम्ही समोर होतात तेव्हाही मी तुमच्याशी जे काय बोलले ते सापांच्या निमित्तानेच बोलले. आता साप आहेत आणि तुम्ही नाही. मग लिहूनच बोलते.

तुम्ही गावासाठी काय केलंत, देवळाचा मंडप कुणी बांधून दिला, गोदामवाल्यांशी कोण भांडलं, ते लोक सांगतायत आणि सांगत राहतील. मला मात्र तुमची आठवण काढायला बसलं की मनूच्या बारशापासूनच सुरुवात करावी लागते. इलाज नाही.

मनू जन्मली तेव्हा तिचे केस कापसासारखे होते, पापण्यासुद्धा पांढऱ्या. डॉक्टरांनी सांगितलं, हिच्या अंगात रंग तयार होत नाही, उन्हापासून जपा, डोळे कमजोर राहतील, बाकी मूल धडधाकट आहे. बारशाला ओटी बायकांनी भरून गेली होती. जी पाळण्यात डोकवायची ती गप्प व्हायची. कुणी ग्रहणाचं काढलं, कुणी मी पोटुशी असताना दूधभात फार खाल्ला असं म्हणाली. माझी आई पडघ्याहून अंगडं-टोपडं शिवून घेऊन आली होती आणि पाळण्याची दोरी धरून बसली होती. तेवढ्यात तुम्ही आत आलात, पाळण्यात एकदा बघितलंत आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "आमचे घरान असा कदी जाला न्हाय. यो पडघ्याकरनं आलाय."

आईच्या हातातली दोरी सुटली. ती जेवली नाही. अंगडं तसंच पिशवीत ठेवून गेली, मी ते दुसऱ्या दिवशी मनूला घातलं. त्यानंतर आई आपल्या घराची पायरी कधी चढली नाही. मनूला भेटायचं असलं की मीच पडघ्याला जायचे.

डॉक्टरांनी मला आणि प्रशांतला समोर बसवून सांगितलं होतं की हे आईबाप दोघांकडून येतं. मला ते सांगायचीही गरज नव्हती, मी प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. पण प्रशांत कितीही झालं तरी तुमचा मुलगा; तुमच्यासमोर तोंड उघडायची त्याची छाती नव्हती. मी एकदा धीर करून बोलले तर तुम्ही म्हणालात, "डाक्टर काय पन सांगतान." विषय तिथेच मिटला. म्हणजे तुमच्यासाठी मिटला.

मग मनू दोन वर्षांची असताना फारूकभाईंनी आपल्याकडून भाड्याने घेतलेला गाळा सोडला. माशांच्या टाक्या आणि त्यांचं सामान ठेवायचे ते. जाताना त्यांनी ऑफिसात पाळलेले दोन साप काचेच्या पेट्यांसकट तुमच्यापुढे आणून ठेवले. "चाचा, ये मक्के का साँप है, अमरीका का. ज़हर नहीं, कुछ नहीं. कागज़ पूरे हैं. मेरे नए घर में बीवी घुसने नहीं देगी. आप ही रख लो." शेतात धामण दिसली की कोयता खाली ठेवून तिला वाट देणारा माणूस तुम्ही. शेतं गोदामांखाली गेली तशी धामणही गेली. तुम्ही पेटीत हात घातलात, नारिंगी मादी तुमच्या मनगटावर चढली आणि तुम्ही, मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं, हसलात.

मादीचं नाव केशर, नराचं मंगळ्या. दोघं सारखेच दिसायचे: नारिंगी अंग, त्यावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला काळी किनार. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "ते उंदीर माझे मासल्यांच्या फ्रिजान ठेवाचं न्हाय." मग मागच्या खोलीत, सापांच्या पेट्यांशेजारी, त्यांच्या खाण्याचा वेगळा लहान फ्रिज आला. नागपंचमीला गल्लीतल्या बायका दूध-लाह्या घेऊन आल्या तर तुम्ही दारात आडवे झालात, "यो अमेरिकेचा हाय, याला पूजा कलत न्हाय. घरी जावा."

त्या खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेची. मनूला बाहेर उन्हात डोळे उघडवत नसत. ती सारखी मान खाली घालून, हात कपाळावर धरून चालायची. त्या खोलीत मात्र ती मान वर करून बसायची. तुम्हाला हे माझ्याआधी कळलं. तुम्ही तिला कडेवर घेऊन तिथे जायला लागलात आणि पुढे पुढे तर तुम्ही दोघं दुपारभर तिथेच असायचात. मी बारसं विसरले नव्हते, पण दारातून तुम्हाला दोघांना बघत उभी राहायचे.

पहिली अंडी त्याच वर्षीची. फुटली तेव्हा तुम्ही मला हाक मारलीत. "रेश्मा, हिकरं ये गो. बिगीन ये."

बारा पिल्लं होती. नऊ आईबापांसारखी. तीन वेगळी, फिकट, गुलाबी-केशरी, अंगावर काळ्याचा एक डाग नाही आणि डोळे लालभडक. तुम्ही त्यातलं एक तळहातावर धरलं होतं. मनू तुमच्या पायाशी फरशीवर बसली होती. तुम्ही पिल्लाकडे बघितलंत, मग तिच्या केसांकडे बघितलंत आणि एकदम माझ्याकडे.

"आईला कालं हाय. बापाला कालं हाय," तुम्ही म्हणालात. "मंग यो कुठनं आला?"

मी स्वयंपाकघरातून काळे उडीद आणि पांढरी चवळी घेऊन आले. आठवतं ना? ओटीवर मांडून दाखवलं. प्रत्येक जीवाजवळ रंगाचे दोन दाणे असतात. एक आईने दिलेला, एक बापाने. उडीद म्हणजे काळा रंग बनवता येणं, चवळी म्हणजे न येणं. दोनांत एक जरी उडीद असला तरी काळं दिसतं, चवळी त्याच्याआड झाकली जाते. केशरकडे एक उडीद, एक चवळी. मंगळ्याकडेही तसंच. दोघं दिसायला काळ्या किनारीचे. पण पिल्लाला दोघांकडून नेमकी चवळीच मिळाली तर पिल्लू असं होतं. चार प्रकारे दाणे जुळतात, त्यातला एक असा.

तुम्ही बराच वेळ ते दाणे इकडून तिकडे सरकवत होतात.

"म्हंजी मंगल्याकरनंबी आला?"

"हो दादा. दोघांकडून येतं. एकाच्याने होत नाही."

"एकटे केशरकरनं न्हाय?"

"नाही. बापाकडे झाकलेला दाणा नसता तर एकही पिल्लू असं झालं नसतं."

तुम्ही उठलात आणि खाडीकडे चालायला गेलात. चहा तसाच निवला. दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते तर तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. "म्हंजी परशांतकरंबी हाय."

"हो."

"त्याला कुनी दिला?"

"तुम्ही, नाहीतर सासूबाईंनी. तुमच्या दोघांत कुणाकडे तरी झाकलेला आहे."

"आनी तुला तुजे आईने."

"आईने नाहीतर माझ्या वडिलांनी. ते रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

तुम्ही म्हणालात, "आपली सोयरीक धा गावांच्या भायेर जात न्हाय. दाने तेच फिरतान." मला आश्चर्य वाटलं. एवढं तर मी सांगितलंही नव्हतं. आणि मग मी हातातला ओला टॉवेल तसाच धरून थांबले. वाटलं, आता तुम्ही बारशाबद्दलचं पुढचं वाक्य बोलाल. तुम्ही म्हणालात, "त्या चवलीचे पिल्लाला मी ठेवनार. बाकीचे फारूकला देऊन टाकू." आणि गेलात.

दादा, त्या दिवसापासून मी त्या वाक्याची वाट बघत होते. सात वर्षं.

पण हेही खरं की त्या सात वर्षांत मला या घरात जे सुख मिळालं ते तुमच्या त्या वहीने दिलं. लग्नानंतर माझं पुढचं शिक्षण राहिलं ते राहिलंच, प्रशांत म्हणायचा घरात काय कमी आहे. आणि इथे सातवीत शाळा सोडलेले माझे सासरे रोज जेवण झालं की वही घेऊन माझ्यापुढे बसायचे. ज्याच्या अंगात चवळी असते पण दिसत नाही त्याला फारूकभाई 'हेट' म्हणायचे. तुम्ही 'झाकला' म्हणायचात आणि पुढे फारूकभाईसुद्धा फोनवर विचारायला लागले, "चाचा, वो झाकलावाला मेल है क्या?"

तुम्ही फारूकभाईंकडून राखी रंगाचा नर आणलात. त्याच्या अंगात लाल नव्हता, नुसता काळा आणि करडा. आपली बिनकाळी मादी, गुलाबी, मोठी झाली तेव्हा तिची त्याच्याशी जोडी लावलीत. मी सांगत होते की सगळी पिल्लं साधी होतील. तुम्ही ऐकायला तयार नव्हतात. "आई गुलाबी, बाप राखी, पोरं साधी? असा कुठं असतंय?" पिल्लं झाली, सगळीच्या सगळी नारिंगी, काळ्या किनारीची, अगदी केशर-मंगळ्यासारखी. तुम्ही चिडलात. "रंग गेला कुठं?"

"गेला नाही, दादा. आईने काळ्याची चवळी दिली, पण बापाने उडीद दिला. बापाने लालची चवळी दिली, पण आईने लालचा उडीद दिला. दोन्ही रंग झाकले गेले. आता यांच्या पिल्लांत बघा."

मग मी तुम्हाला सोळा घरांचा तक्ता शिकवला. दोन रंग, दोघं झाकलेले, सोळा प्रकारे जुळणी. नऊ साधे, तीन बिनकाळे, तीन बिनलाल म्हणजे राखी, आणि एक, ज्याला काळाही नाही आणि लालही नाही. पांढरा. तुम्ही ओटीवर खडूने तो तक्ता काढायचात. सासूबाई झाडू घेऊन यायच्या आणि सोळा घरांना वळसा घालून झाडून जायच्या. ती पिल्लं वयात येईपर्यंत तुम्ही जवळजवळ तीन वर्षं वाट पाहिलीत. परवा फुटली ती त्यांचीच अंडी. त्या पांढऱ्यासाठी थांबला होतात तुम्ही.

आपलं एकच मोठं भांडण झालं, तेही गणितावरून.

मनू तेव्हा पाच वर्षांची असेल. सासूबाई दुसऱ्या मुलाचं बोलायच्या, ते माझ्या अंगवळणी पडलं होतं. पण त्या दिवशी तुम्ही बोललात. वही उघडून, चार घरं दाखवून, मोठ्या उत्साहाने. "हे बग. चारान एक. तो एक तुमचा होऊन गेला. आता पुरचे तीन बरं होतील."

मी म्हणाले, "दादा, असं नसतं. प्रत्येक वेळी नव्याने चारात एक. अंड्याला शेजारच्या अंड्याची खबर नसते."

"पन हिशोब—"

"आणि मनू बरी नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

माझा आवाज चढला होता. मनू आतल्या खोलीत होती. तुम्ही वही मिटलीत. पुढचे पंधरा दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत आणि मीही ताट वाढून बाजूला व्हायचे. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही ते आज सांगते. मला दुसरं मूल पांढरं होईल याची भीती कधीच नव्हती. मला दुसऱ्या बारशाची भीती होती.

मग केशरची त्या वर्षीची अंडी फुटली. तुम्ही पिल्लं बाहेर येतील तशी ओळीने वहीत मांडत होतात. पहिलं बिनकाळं. दुसरं बिनकाळं. तिसरं साधं. चौथं परत बिनकाळं. तुम्ही वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आलात. आत तुम्ही कधी येत नसायचात.

"तुजा खरा हाय. खबर नसते."

"बसा, चहा टाकते," मी म्हणाले.

"आनी मनू बरी हाय," तुम्ही म्हणालात. "माजे तोंडान चुकीचा आला."

तेव्हा मला धीर आला. मी चहाचं आधण ठेवलं आणि तुमच्याकडे पाठ करूनच विचारलं, "दादा, हे माझ्या आईला सांगाल का? बारशाचं. एकदाच."

तुम्ही म्हणालात, "सांगीन. येल आली का सांगीन."

पडघ्याच्या पुढे तुम्ही घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर भात लागायचा. पावसाळ्यात आठवड्याला आणि एरवी महिन्याला तुमची गाडी माझ्या आईच्या दारावरून जायची. दर वर्षी नवीन तांदळाची गोण तुम्ही ड्रायव्हरच्या हाती तिच्या ओट्यावर उतरवायला लावायचात आणि स्वतः गाडीतच बसून राहायचात. आई गोण रिकामी झाली की धुऊन, वाळवून, घडी करून परत पाठवायची. तिने तो तांदूळ कधी नाकारला नाही. मी तिला म्हणायचे, अगं, हीच त्यांची माफी आहे. ती म्हणायची, "मला बोलून दाखवलं ते तोंडानं. तांदळाला तोंड असतं का?"

मी तुम्हाला पुन्हा आठवण केली नाही. ही माझी चूक. तुम्हाला शरम वाटत असेल म्हणून मी थांबत होते आणि तुम्ही वेळ येईल म्हणून थांबत होतात.

ही शेवटची अंडी घातल्यावर महिनाभराने, सकाळी डब्याचं झाकण काढून बघत असताना तुम्ही खाली बसलात ते उठलाच नाहीत. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ठाण्याच्या हॉस्पिटलात सहा दिवस. चौथ्या दिवशी मी आत गेले तर तुमच्या खाटेशी माझी आई उभी होती. मी तिला बोलावलं नव्हतं. पडघ्याहून एसटीने, बदलून बदलून, एकटी आली होती.

तुम्ही तिला ओळखलंत. डावा हात उचललात. तोंडातून आवाज काढायला लागलात, एकच, पुन्हा पुन्हा, त्याचा काही शब्द होत नव्हता. आईला वाटलं पाणी मागताय. ती ग्लास शोधायला लागली, नर्सने नको म्हणून सांगितलं. तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आईने तुमच्या अंगावरची चादर नीट केली आणि म्हणाली, "पडून राहा, व्याही. काय बोलायचं असंल ते बरं झाल्यावर बोला."

बाहेर आल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, ते रडत होते का? डॉक्टर म्हणाले, "या आजारात डोळ्यांतून पाणी येतंच, ताई. त्यात अर्थ शोधू नका."

मी शोधला नाही. शोधत नाही. पण दादा, तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

आणि आता तुम्हाला माहीत नाही ते सांगते. तुमच्या बाराव्याला घर भरलं होतं. दिघाशीच्या आत्या, तुमची धाकटी बहीण, रडता रडता म्हणाल्या, "दादाला येकच दुख व्हता. पोरीचा. पडघ्याकरचा रोग याचे घरान आला." मनू तिथेच, माझ्या मांडीला टेकून बसली होती. प्रशांत खाली बघत होता. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई बोलल्या. तुम्ही गेल्यापासून त्या धड बोलल्या नव्हत्या.

"रोग न्हाय त्यो," त्या म्हणाल्या. "आनी येकट्या पडघ्याचा न्हाय. अर्धा हितलाच हाय. यांचेकरनं न्हायतर माजेकरनं. पोर आमची हाय, अर्धा आमचाच दाना हाय."

आत्या पदर तोंडाला लावून बसल्या.

पाहुणे गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"यांनी."

"कधी?"

"पयली पिल्ली जाली त्याच वर्साला. मी मागं बोंबील धूत व्हते. तिथं येऊन बसले न् म्हनाले, पोरीचा सुनेच्या येकटीकरनं न्हाय. तुजा का माजा ते कलत न्हाय, पन आपलाबी हाय. मी बारशाला वंगाल बोललो." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हनाले, तू कुनाला बोलू नको. मीच सांगीन."

मीच सांगीन.

म्हणजे खाडीवरून परत आलात त्याच दिवसांत तुम्ही ते वाक्य बोललात. मी ज्याची वाट बघत होते तेच, पुरतं, काही न वगळता. फक्त मला नाही. सासूबाईंना बोललात आणि त्यांचंही तोंड बांधून ठेवलंत. एका छपराखाली, मागच्या मोरीपासून माझ्या चुलीपर्यंत वीस पावलं नसतील. तेवढ्यात ते सात वर्षं अडकून राहिलं. त्या दुपारी मला तुमचा जितका राग आला तितका बारशालाही आला नव्हता. बारशाला तुम्हाला माहीत नव्हतं.

सुतक फिटल्यावर मी पडघ्याला गेले. आई परसात वालाचं बिरडं सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, बाराव्याला सासूबाई काय बोलल्या ते, शब्दाला शब्द. तिने वाल सोलणं थांबवलं नाही.

"सगळ्यांसमोर बोलल्या?"

"सगळ्यांसमोर."

"बारशाला होत्या त्या बायका होत्या का?"

मी आठवून बघितलं. तुमची मोठी बहीण बारशानंतर तिसऱ्या वर्षी गेली. समोरच्या काकू गेल्या. दोघीतिघी आता अंथरुणाला खिळल्यात. "काही होत्या," मी म्हणाले. "बऱ्याचशा आता नाहीत."

"हं," आई म्हणाली. "त्या ऐकून गेल्या ते पहिलंच ऐकून गेल्या."

मग तिनेच विचारलं, "व्याह्यांनी ते बायकोला सांगितलं तेव्हा मनू केवढी होती?"

"दोन वर्षांची."

"तेव्हा आले असते तर मी त्यांना बसायला पाट दिला असता गं. मला काय त्यांच्याकडून पाय धरवून घ्यायचे होते?" आणि मग नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तिला त्या गोष्टीवरून रडताना बघितलं. तुमच्यासाठी रडली का स्वतःसाठी, मी विचारलं नाही.

प्रशांत म्हणतो साप फारूकभाईंना देऊन टाकू, आता कोण बघणार. मी नको म्हणाले. मनूने तीन बिनकाळ्यांना नावं दिलीत. तिला विज्ञानाच्या बाई हे सगळं आठवीत-नववीत शिकवतील, मी आताच शिकवायला बसणार आहे, उडीद आणि चवळी घेऊन. तिच्याकडे दोन्ही दाणे चवळीचे आहेत, हे तिला माझ्याकडून कळलेलं बरं. ते कुणाकुणाकडून आले तेही मी तिला सांगेन, तुमचं नाव घेऊन सांगेन. बारशाचं सांगायचं का, ते अजून ठरवलेलं नाही.

येत्या रविवारी माझी आई इथे दापोड्याला, आपल्या घरी येणार आहे, दादा. तिनेच काल फोन केला. ओटीवर तुमची खुर्ची आहे तशीच आहे, अजून तिच्यावर कुणी बसलेलं नाही. मी आईला तीच देणार आहे. तुम्ही असतात तर स्वतः उठून दिली असतीत का, हे मात्र आता मला कधीच कळायचं नाही.